नवा मीटर, पहिला पाऊस आणि सारखा पडणारा ट्रिपर

वाचकाचं पत्र

आम्ही पेडणे तालुक्यात राहतो. घर जुनं, चिऱ्यांचं. वायरिंग पंधरा वर्षांपूर्वी नवीन करून घेतलं. मे महिन्याच्या शेवटी जुना मीटर काढून नवा स्मार्ट मीटर बसवला गेला. त्यानंतर आठ-दहा दिवसांत डीबीतला (खटक्यांच्या पेटीतला) ट्रिपर, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी, पडायला लागला. कधी रात्री दीडला, कधी पहाटे, कधी दिवसातून दोनदा. वर केला की राहतो. मीटर सोप्याच्या बाहेरच्या भिंतीवर आहे आणि डीबी त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला. आमचा वायरमन म्हणतो, हा मीटर मोबाईलसारखा सिग्नल सोडतो, त्यानेच ट्रिपर पडतो. तो काढून तारा थेट जोडू या, एमसीबी आहेतच. मुलाने वाचलं की अमेरिकेतही असं घडलंय. घरात ८१ वर्षांच्या सासूबाई आहेत, रात्री उठतात आणि अंधारात चाचपडतात. काढून टाकू का?

उत्तर

ताई, काढू नका. वायरमन कितीही ओळखीचा असला आणि सासूबाईंची काळजी कितीही खरी असली, तरी नाही. अंधाराची सोय आजच करता येईल. सोप्यात आणि न्हाणीच्या वाटेवर बॅटरीवर पेटणारे दोन इमर्जन्सी दिवे लावा, बाकीचं सावकाश शोधू.

तुमच्या पत्रातल्या ‘एमसीबी आहेतच’ या दोन शब्दांनी मला अस्वस्थ केलं. एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की पडणारा खटका, तारांना वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअर ओलांडल्याशिवाय हलत नाही. माणसाच्या अंगातून १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की हाताची पकड सुटेनाशी होते, आणि ३० च्या पुढे तो काही क्षण टिकला तर काळजाची लय बिघडू शकते. घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो तो याच कारणाने. १६ अँपिअर म्हणजे त्याच्या पाचशेपट! गीझरच्या नळातून करंट येत असेल, तर एमसीबी पूर्ण वेळ वर राहील आणि माणूस खाली पडेल. आमच्या वाड्यावर एका घरी असाच ट्रिपर ‘त्रास देतो’ म्हणून थेट जोडला होता. वॉशिंग मशीनला हात लावला तेव्हा घरातली सून चिकटली. सासूने लाकडी पाटाने तिचा हात उडवला म्हणून ती आज आहे. त्या घरातला डीबी मी स्वतः उघडून पाहिला आणि त्या जोडलेल्या दोन तारा मला अजून डोळ्यांसमोर दिसतात.

आता मीटरकडे येऊ. वायरमन सांगतो ते अशक्य नाही, म्हणून ते हसण्यावारी नेणार नाही. स्मार्ट मीटर आपली नोंद पाठवायला रेडिओलहरी वापरतो. काहींमध्ये मोबाईलसारखं सिमकार्ड असतं, काही मीटर आपसांत ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. आपल्या देशात हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, आणि तिचा चौथा भाग ९ सेंटिमीटरला थोडा कमी. डीबी उघडून बघा, आरसीसीबीपासून एमसीबीपर्यंत गेलेले वायरचे तुकडे साधारण तेवढेच असतात. एवढी तार त्या लहरीसाठी चांगला अँटेना ठरते.

तरीही सगळेच ब्रेकर याला बळी पडत नाहीत. एमसीबीत तापल्यावर वाकणारी एक धातूची पट्टी आणि एक कॉइल असते, इलेक्ट्रॉनिक काही नसतं. रेडिओने एमसीबी पडला असं कोणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. आरसीसीबीत एक लोखंडी कडं असतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. गेला तेवढा प्रवाह परत आला तर कडं गप्प, आणि काही वाटेत जमिनीत गळला तर त्या फरकाने ट्रिप. यातही दोन जाती आहेत. एकीत गळतीच्याच जोरावर रिले सुटतो. दुसरीत मध्ये एक छोटी चिप बसून तो फरक मोठा करते. ही दुसरी जात रेडिओला फसू शकते, कारण वायरमधून आत शिरलेली लहर चिप एकदिश करते आणि तिलाच गळती समजते. पूर्वी टूजी फोन रेडिओजवळ ठेवला की घंटी वाजण्याआधी स्पीकरमधून ‘टर्रर्र टर्र’ असा आवाज यायचा, आठवतं? तोच प्रकार. एका बांधकामाच्या जागी वॉकीटॉकीचं बटण दाबलं की पॅनलमधला इलेक्ट्रॉनिक ट्रिपर खाली यायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा पडला.

मुलाने वाचलेलंही खरं आहे, पण ते वेगळ्या ब्रेकरबद्दल असावं. अमेरिकेच्या वायरिंग नियमांत १९९९ पासून आर्क फॉल्ट ब्रेकर आला. तो सैल जोडातल्या ठिणगीचा ‘आवाज’ तारेत शोधतो. रेडिओ हासुद्धा तारेतला आवाजच, त्यामुळे तो सहज चकतो. तिथल्या हौशी रेडिओवाल्यांच्या संघटनेने, अमेरिकन रेडिओ रिले लीगने, २०१३ मध्ये आपल्या प्रयोगशाळेत हे तपासलं आणि बनवणाऱ्या कंपनीबरोबर बसून त्यावर उपाय काढला. आपल्याकडच्या घरांत आर्क फॉल्ट ब्रेकर क्वचितच सापडतो. तिथला निकाल जसाच्या तसा तुमच्या डीबीला लावता येणार नाही.

तुमच्या पत्रातली तारीख मात्र मी दोनदा वाचली. मीटर मे महिन्याच्या शेवटी आणि ट्रिपर पडायला लागला आठ-दहा दिवसांनी. म्हणजे जूनचा पहिला आठवडा. गोव्यात त्याच आठवड्यात दुसरंही एक कोणी येतं, ताई.

आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि चिरा पाणी पितो. भिंतीतल्या पाईपमध्ये ओल उतरते, बाहेरच्या बल्बच्या होल्डरमध्ये पाणी साठतं, समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने होल्डरच्या पितळेवर हिरवी बुरशी चढलेली असतेच. एप्रिलमध्ये कोरडं असताना हे सगळं झोपलेलं असतं. नवा मीटर आणि नवा पाऊस एकाच आठवड्यात आले आणि दोष नजरेसमोरच्या मीटरला गेला. मला वाटतं तुमचा पहिला संशयित ओल आहे, रेडिओ नंतरचा.

किती ओल पुरते, याचा हिशेब मांडून दाखवतो. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने ३० ला पडायलाच हवं आणि १५ च्या आत पडता कामा नये. मधल्या पट्ट्यात तो कुठेही पडू शकतो. शिवाय घरातला प्रत्येक टीव्ही, संगणक, वॉशिंग मशीन थोडी गळती बाळगूनच असतो, कारण त्यांच्या आतल्या गाळणीतले कपॅसिटर फेजला अर्थशी जोडलेले असतात. २.२ नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर २३० व्होल्टवर ०.१६ मिलिअँपिअर सोडतो. एकट्याचं काही नाही, पण घरभरची अशी उपकरणं मिळून दोन-चार मिलिअँपिअर सहज होतात. गीझरचा जुना एलिमेंट आणखी चार देतो. त्यावर पावसाची ओल आली की आरसीसीबी काठावर उभा, आणि मग पंप सुरू होण्याचा धक्काही पुरतो. ‘वर केला की राहतो’ हे लक्षण अशा काठावरच्या घराचं असतं.

माझ्याच घरी एका पावसाळ्यात हे तीन आठवडे चाललं. गीझर तपासला, पंप तपासला, फ्रिज शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला. शेवटी सापडलं ते अंगणातल्या तुळशी वृंदावनावर. तुळशीच्या लग्नासाठी कधी तरी लावलेला बल्ब तसाच राहिला होता, आणि त्याची वायर फरशीखालून गेलेली. बल्ब वर्षभर बंदच होता, पण स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला, म्हणून फेज त्या ओल्या होल्डरमध्ये दिवसरात्र उभी होती. तुमच्या अंगणात, विहिरीवर, गोठ्यात, गेटवर असं काही जुनं, विसरलेलं आहे का, ते आधी आठवा. गेल्या चवथीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीभोवती दिव्यांच्या माळा लावायला काढलेली जादा वायर पाटवासांच्या कडेने तशीच राहिली असेल तर तीही बघा.

पहाटेच्या ट्रिपबद्दलही एक सांगायचं आहे. मीटर पहाटे डेटा पाठवतो म्हणून पडतो, असा अंदाज बांधला जातो. पण बर्फ न साचणाऱ्या फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा एक हीटर असतो, तो दिवसातून काही वेळा आपोआप चालू होतो, रात्रीसुद्धा. त्या हीटरची नळी चिरली आणि पाणी शिरलं की नेमका त्याच वेळी ट्रिप. माणसं झोपलेली, घर शांत, आणि संशय मीटरवर!

मीटर पूर्ण निर्दोष आहे असंही माझं म्हणणं नाही. रेडिओपेक्षा मला जास्त भीती वाटते ती मीटर बदलताना सैल राहिलेल्या स्क्रूची. तारा काढल्या, परत घातल्या; एखादा टर्मिनल नीट आवळला नाही तर तिथे ठिणग्या पडतात, वायर तापते, प्लास्टिक जळतं. दिवे मध्येच मंद-तेज होतात का? मीटरजवळ करपल्याचा वास किंवा गुणगुण येते का? तसं असेल तर त्याच दिवशी खात्याला कळवा. १९१२ हा वीज तक्रारीचा क्रमांक आहे. तुमचं कनेक्शन थ्री फेज असेल तर न्यूट्रल सैल असणं आणखी घातक, कारण एखाद्या फेजवर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळ दाब चढू शकतो. सील तुटणार असल्यामुळे हे काम खात्याच्याच माणसाने करायचं.

इन्व्हर्टर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर त्याचा न्यूट्रल घराच्या कुठल्या न्यूट्रलला जोडला आहे ते तपासून घ्या. आरसीसीबीच्या आतला आणि बाहेरचा न्यूट्रल एकत्र झाला तर कडं गळतीच बघतं, मग भिंत कोरडी असो की ओली. मीटरच्या कामाच्या दिवशी कोणी इन्व्हर्टरच्या तारा हलवल्या असतील, तर सगळं तिथेच सुटेल.

आता शोधायचं कसं. आजपासून दहा दिवस डीबीजवळ एक वही टांगून ठेवा. ट्रिप झाली की वेळ, पाऊस होता की नव्हता, काय चालू होतं आणि नेमका कुठला खटका पडला, एवढंच लिहायचं. नेमका खटका महत्त्वाचा. डीबीतले सगळे खटके वर आहेत, तरी लाईट गेली आणि काही मिनिटांनी आपोआप आली, असं कधी झालं तर ती वेगळी गोष्ट. स्मार्ट मीटरच्या पोटात स्वतःचा एक स्विच असतो; मंजूर भारापेक्षा जास्त ओढलं तर तो तोडू शकतो आणि पुन्हा जोडूही शकतो. गीझर, पंप आणि एसी एकदम चालू असताना असं झालं तर भार वाढवून घ्यायचा अर्ज करायला हवा. आरसीसीबीचा त्यात काही संबंध नाही.

वही भरत असताना वायरमनला एका सकाळी बोलवा. गळती मोजणारा क्लॅम्प मीटर त्याच्याकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला बोलवा, त्यात त्याचा अपमान नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्याच्या जबड्यात धरायचे, म्हणजे घराची गळती थेट मिलिअँपिअरमध्ये दिसते. दोन-तीन दिसली तर ठीक. दहाच्या वर दिसली तर एकेक एमसीबी खाली करत जा, आकडा कुठे कोसळतो ते बघा. चोर त्याच लाईनवर. मग ती लाईन ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, तपासायची, सगळे प्लग काढून. एक मेगाओमच्या वर हवं. १५ मिलिअँपिअर गळायला इन्सुलेशन सुमारे १५ हजार ओमपर्यंत उतरावं लागतं, म्हणजे मेगर ते लपवू शकणार नाही. हे मोजमाप पावसाच्या दिवशीच करा. कोरड्या दिवशी सगळं चांगलं दिसेल आणि वायरमन निघून जाईल.

एक सापळा आहे. सगळे एमसीबी खाली केले तरी ट्रिपर पडला, की वायरमन विजयाने म्हणेल, ‘बघा, मीटरच!’ घाई करू देऊ नका. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. भिंतीत कुठे न्यूट्रल ओल्या चिऱ्याला किंवा अर्थला टेकला असेल, तर एमसीबी खाली असूनही ट्रिप होते. आरसीसीबीच्या घराकडे जाणाऱ्या दोन्ही तारा, फेज आणि न्यूट्रल, सोडल्यावरही तो पडत असेल, तरच घर सुटलं म्हणायचं.

तेवढ्यासाठी घर अंधारात ठेवायची गरज नाही. नवा चांगला आरसीसीबी एका छोट्या पेटीत बसवून मीटरपासून मीटर-दीड मीटर लांब लावा आणि घर त्याच्यावर चालवा. जुना आरसीसीबी आहे त्याच जागी पहारेकऱ्यासारखा ठेवा, वरून वीज जोडलेली, खाली काही नाही. मागे एमसीबी हवाच. आता आठवडाभर बघा. नवा पडला आणि जुना उभा राहिला, तर गळती घरातच आहे. जुना, ज्याच्या पुढे एक बल्बही नाही, तो पडला आणि नवा उभा राहिला, तर जुना बिघडलेला आहे किंवा रेडिओला फसतो आहे. यातलं कुठलं, तेही कळतं. त्याच जागी दुसऱ्या बनावटीचा ब्रेकर ठेवून पाहायचा, आणि जुना लांब नेऊन. जागा बदलल्यावर जुना शांत झाला तर तुमच्या वायरमनचं बोलणं खरं ठरलं, आणि मी त्याला मनापासून शाबासकी देईन. फोन जुन्या ब्रेकरजवळ धरून कॉल लावून बघणंही सोपं आहे, झाकण बंद ठेवून. टूजीवर फोन दोन वॉटपर्यंत जोर लावतो, फोरजीवर त्याच्या दहाव्या भागाइतका. त्यामुळे कॉलवर काही झालं नाही तर रेडिओ सुटला असं मात्र धरू नका.

रेडिओच निघाला तर उपाय सरळ आहेत. अंतर दुप्पट केलं की लहरीच्या विद्युतक्षेत्राची तीव्रता साधारण निम्मी होते. ३० सेंटिमीटरवरचा डीबी सव्वा मीटरवर नेला तर ती पाव राहते. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. किंवा इलेक्ट्रॉनिक ब्रेकर बदलून गळतीच्याच जोरावर सुटणारा घ्या. नवा घेताना ‘ए’ टाईपचा मागा. त्याच्यावर नागमोडी लहरीखाली तुटक अर्ध्या लहरी छापलेल्या असतात. ‘एसी’ टाईपवर एकच लहर. इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीनच्या घरात ‘ए’ टाईपच योग्य. जमल्यास दोन आरसीसीबी करा, एक बाहेरचे दिवे, पंप आणि गीझरला, दुसरा खोल्यांना. मग अंगणात पाणी शिरलं तरी सासूबाईंच्या खोलीतला दिवा राहील. हे मी तुम्हाला रेडिओ असो वा नसो, करायला सांगेन.

मीटरला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळायचा सल्ला कोणी देईल. अजिबात नको. जिवंत टर्मिनलजवळ धातूचा कागद म्हणजे अपघाताला आमंत्रण, आणि मीटरशी छेडछाडीचा संशय आला तर वीज कायदा २००३ चं कलम १३५ लागू शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिमकार्डाच्या मीटरचा सिग्नल अडवला की तो पोचण्यासाठी आणखी जोर लावतो. तुमच्याकडे डोंगराआड नेटवर्क मुळात कमी असेल, तर तो आताच जास्त जोराने बोलत असणार.

पुरावा हाती आला की उपविभागाच्या साहाय्यक अभियंत्याला लेखी अर्ज द्या. ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, बदलल्याची तारीख, वहीतल्या नोंदींची प्रत. टर्मिनल तपासून द्या, अँटेना किंवा मीटरची जागा बदलून द्या, अशी नेमकी मागणी लिहा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर वीज कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यानंतर लोकपाल. गोव्यासाठी हे संयुक्त वीज नियामक आयोगाच्या कक्षेत येतं.

हे सगळं पुढच्या दोन आठवड्यांचं काम. आज संध्याकाळी एकच करा. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण आहे, ते दाबा. खटका लगेच पडला पाहिजे. पडला तर वर करा आणि वहीचं पहिलं पान लिहायला घ्या. नाही पडला, तर तो ब्रेकर खऱ्या शॉकच्या वेळीही पडेल याचा भरवसा नाही. मग वही, मीटर, रेडिओ सगळं बाजूला ठेवून उद्या सकाळी पहिल्यांदा तो बदलून घ्या, आणि तोवर गीझर, वॉशिंग मशीन आणि पंपाला कोणी हात लावू नका.